हवेसाठी हातभर जागा

गाडीमागे जोडलेला ट्रेलर दिसला आणि सिल्वीआत्या बादलीवरून उठली. सकाळी आठपासून ती तळ्याच्या काठावर उलट्या बादलीवर बसून होती. वय एकोणऐंशी, डोक्याला लोकरीचा रुमाल, कुशीत कॉफीचा थर्मास. समोर होडी, अर्धी पाण्यात आणि अर्धी वाळूवर. रात्रीतून काठच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. तो होडीच्या फळ्यांना घासून बारीक कुरकुरत होता.

"तुला ओंडका आणायला सांगितला होता," यार्क्को उतरायच्या आत ती म्हणाली. "हे काय आणलंस? गाय न्यायला आलायस का?"

"आत्या, दार तरी उघडू दे."

"उघड की. त्याच दाराने परत जायचंय तुला."

माझा भाऊ हसला नाही. एरवी तो आत्याच्या पहिल्या टोमण्याला हसतो, दुसऱ्याला उत्तर देतो आणि तिसऱ्याला तिच्याच थर्मासमधली कॉफी ओतून घेतो. लहानपणापासूनचा क्रम आहे. फेब्रुवारीत बाबा गेल्यापासून तो पहिल्यालाच थांबतो.

त्याची बायको मेरया दुसऱ्या बाजूने उतरली. तिने वेलदोड्याच्या पावांचा डबा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की आजच्या दिवस त्याला सांभाळून घ्या. मी ते नीट वाचलं नाही. आदल्या संध्याकाळी मी हेलसिंकीहून आले होते आणि रात्रभर बाबांच्या रिकाम्या खुर्चीशेजारच्या पलंगावर जागी होते.

नोव्हेंबरचा हा पहिला शनिवार आमच्याकडे गेलेल्या माणसांचा. संध्याकाळी कबरींवर मेणबत्त्या लावायच्या. आणि त्याआधी, उजेड आहे तोवर, होडी उलटी करून हिवाळ्यासाठी काठावर ठेवायची. पहिली गोष्ट सगळ्या देशाची आहे. दुसरी आमच्या घरची, आजोबांनी होडी बांधली त्या वर्षापासूनची.

"होडी मी वर्कशॉपमध्ये नेतोय," यार्क्को म्हणाला. तो घरांना गरम पाण्याचे पाइप घालून देतो. शहरात त्याचं मोठं वर्कशॉप आहे. "कोरडी जागा, कुलूपबंद. अठरा अंश, रात्रंदिवस."

"अठरा अंश!" आत्याने थर्मास खाली ठेवला. "डिसेंबरात फळ्या सुकतील, मार्चमध्ये सांध्यांतून उजेड दिसेल. वसंतात मग पाण्यात सोडू नकोस, पीठ चाळायला दे. अरे, लाकडाला थंडी मारत नाही, ऊब मारते. तुझे आजोबा इतकी वर्षं हिला बाहेर ठेवत आले ते काय उगाच?"

"आजोबांकडे हीटर नव्हता."

"होता. तुझी आजी होती."

मेरया हसली आणि नवऱ्याकडे बघून गप्प झाली.

तेवढ्यात आई उतारावरून खाली आली. शहात्तराव्या वर्षीही ती त्या उतारावर आधाराला हात लावत नाही. अंगात एप्रन, पायांत रबरी बूट. तिने आधी ट्रेलर पाहिला, मग मुलगा.

"आई, होडी बाहेर असली की कुणालातरी तिच्याकडे जावं लागतं," यार्क्को म्हणाला. त्याचा आवाज अचानक मऊ झाला होता. "उणे वीसमध्ये, निसरड्यावरून. तू जाशील. मला माहितीये, तू जाशीलच. मला ते नकोय. वसंतात तुझंही बघू. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्या रिकाम्या होतायत."

"म्हणजे आधी होडी, मग मी."

"तसं म्हटलं नाही मी."

"ट्रेलर एका फेरीचा आहे की दोन, एवढंच विचारतेय."

मी भावाच्या बाजूने बोलले. म्हटलं, त्याचं अगदीच चूक नाही. आई इथे एकटी, शेजारी पाण्यापलीकडे, आणि मी चार तासांवर. खरं तर मला त्या दिवशी होडी उलटी करायची नव्हती. होडी उलटायला चार जण लागतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली: पुढच्या टोकाला बाबा, मागच्या टोकाला यार्क्को, दोन्ही अंगांना आई आणि मी. पुढच्या टोकाकडे बघायची माझी तयारी नव्हती.

आईने माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. कोण कुठे उभं आहे, हे नोंदवून घेतल्यासारखं.

"तुम्ही भांडा," ती म्हणाली. "हेल्का, मेरया, तुम्ही फांद्या तोडून आणा. कबरीवर पांघरायला लागतीलच. भांडण कुणीही जिंको."

जाताना मागून आत्याचा आवाज येत होता. "आणि ठेवायची ती ताइस्तोच्या रीतीनेच. तळ्याकडची कड ओंडक्यावर, जंगलाकडची दोन खुंटांवर, हातभर उंच. हवेसाठी."

"त्या हातभर फटीतून बर्फ आत जातो, आत्या."

"बर्फ जाऊ दे. हवा लागते!"

ताइस्तो म्हणजे आमचे बाबा. ही हातभर फट त्यांनी तेरा वर्षांपूर्वी आणली होती. त्याआधी आमची होडीही सगळ्यांसारखी जमिनीलगत पालथी असायची. बाबा कमी बोलायचे, त्यामुळे बोलले की लोक ऐकायचे. पलीकडच्या काठावरच्या दोन घरांनीही तेव्हापासून आपापल्या होड्या एका अंगाने हातभर उचलायला सुरुवात केली होती.

*

मेरया फांद्या फार जोरात तोडत होती. स्प्रूस झाडाच्या डिंकाने तिचे हातमोजे काळे झाले होते.

"तो झोपत नाही, हेल्का," ती पाठ न वळवता म्हणाली.

"कोणीच झोपत नाही आमच्यात."

"तसं नाही. तो उठून गाडीत जाऊन बसतो. एकटाच. मी एकदा मागे गेले तेव्हा सांगितलं त्याने." तिने कोयता खाली टेकवला. "त्या दिवशी सकाळी त्याने फोन केला होता बाबांना. रात्रभर बर्फ पडला होता ना. याचं काम म्हणजे दिवसभर लोकांना सांगायचं, छपरावरचा बर्फ काढा, पाइप फुटतील. तोंडात बसलेलं वाक्य. तेच बाबांना म्हणाला, होडीवरचा बर्फ काढा, फळ्या दबतील. बाबा म्हणाले, बघतो. आणि अकराला आईचा फोन आला. बाबा होडीपाशी सापडले म्हणून."

होडी पालथी असेल तर तिच्यावरचा बर्फ म्हणजे गोधडी. ती कुणी ओढून काढत नाही. हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. यार्क्कोलाही होतं. पण धंद्यातली सवय घरच्या शहाणपणाच्या आधी तोंडातून निघाली होती.

"मीच त्यांना फावडं घेऊन पाठवलं, असं म्हणतो," मेरया म्हणाली. "नऊ महिने. त्याला ती होडी डोळ्यांसमोर नकोय आणि मोडायचीही नाहीये. म्हणून अठरा अंश. आईला सांगू नकोस."

"बरं," मी म्हटलं.

फांद्यांचा भारा उचलून मी उतारावरून थेट स्वयंपाकघरात गेले. मी वचनं फारशी मोडलेली नाहीत. हे वचन नव्हतं, नुसतं 'बरं' होतं, असं मी दारापर्यंत स्वतःला सांगत राहिले.

*

आई राय नावाच्या धान्याच्या पातळ पोळ्यांवर भाताची खीर पसरत होती आणि कडा चिमटीने मुडपत होती. मी सगळं सांगितलं. तिने हातातली शेवटची कड मुडपली, ताट भट्टीत सरकवलं, आणि मग ती स्टुलावर बसली. पुढचं मला तिने बऱ्याच दिवसांनी, थोडंथोडं करून सांगितलं. तिच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते मी त्यावरूनच लिहिते आहे.

ती विचार करत होती की एक छोटासा खोटेपणा किती लांब चालत जातो.

तेरा वर्षांपूर्वी आत्याचा नवरा रेइनो फुफ्फुसांच्या आजाराने गेला. त्याच्या उशाशी आत्याने आपल्या भावाकडून शब्द घेतला की तो पाइप ओढणं सोडेल. बाबांनी शब्द दिला. तीन आठवडे पाळला. मग शरद ऋतू आला, होडी उलटी करायची वेळ झाली, आणि बाबा म्हणाले की या वर्षी एक कड हातभर उंच ठेवू, लाकडाला हवा लागेल.

रोज दहा वाजता ते होडी बघायला जायचे. साडेदहाला परत यायचे, तोंडात जुनिपर झुडपाची उग्र वासाची बोरं चघळत. आईला खिडकीतून होडीखालून निघणारा धूर दिसायचा. कडक थंडीत तो अगदी सरळ वर जातो. तिने तेरा हिवाळे तो पाहिला आणि कपभर कॉफी तयार ठेवली.

त्या दिवशी पावणेअकरा झाले तेव्हा ती गेली. बाबा होडीखाली बसलेले होते. दूध काढायच्या जुन्या स्टुलावर, पाठ फळ्यांना टेकलेली, तोंड जंगलाकडे. हातातला पाइप अजून कोमट होता. ती ओरडली नाही. तिने त्यांची टोपी सरळ केली. मग पाइप आणि तंबाखूची डबी एप्रनच्या खिशात टाकली, त्यांना खाली आडवं करून स्टूल शेडमध्ये नेऊन ठेवलं, आणि त्यानंतर फोन केला. सगळ्यांना एकच सांगितलं: होडीपाशी सापडले. हा माणूस जाता जाता बहिणीच्या नजरेत खोटा ठरू नये, एवढंच तिला वाटलं होतं.

"मी त्याचा शब्द वाचवला," ती स्वयंपाकघरात मला म्हणाली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. "आणि पोराला बुडवलं."

तिने पिठाच्या डब्यामागे हात घातला, काहीतरी काढून खिशात टाकलं आणि बूट चढवले.

"भट्टीकडे बघ. नाहीतर राहू दे, जळू देत. चल."

*

काठावर गोष्टी पुढे गेल्या होत्या. यार्क्कोने ट्रेलर पाण्यापर्यंत मागे आणला होता, होडीच्या पुढच्या टोकाला पट्टा बांधला होता, आणि आत्या होडीत जाऊन बसली होती. मधल्या फळीवर, ताठ, मांडीवर थर्मास.

"उतर ना, आत्या."

"का? मलाही ने. अठरा अंशांत मीही सुकेन. वसंतात दोघींना एकदमच चाळणी करून आण."

"मेरया, तू तरी सांग हिला."

"मी सांगितलं," मेरया म्हणाली. "ती मला कॉफी देऊ करतेय."

आई होडीच्या कडेला जाऊन उभी राहिली. आत्याकडे बघितलंच नाही तिने.

"यार्क्को, त्या दिवशी तू संध्याकाळी आलास. येताच अंगणातला बर्फ काढायला लागलास. आठवतं?"

त्याचा हात पट्ट्यावर थांबला. "आई, आत्ता नको."

"फावडं कुठून घेतलंस?"

"शेडमधून."

"कुठे होतं?"

"खुंटीला. नेहमीच्या."

"ओलं होतं?"

तो विचार करू लागला. मी माझ्या भावाला कामाच्या ठिकाणी पाहिलेलं आहे. गळती कुठे आहे ते शोधताना तो असाच दिसतो. "नाही," तो म्हणाला. "कोरडं होतं. वर जाळं होतं कोळ्याचं."

"आणि होडीवर बर्फ किती होता?"

"गुडघाभर."

"कुणी हात लावलेला?"

"नाही." मग पुन्हा, हळू: "नाही. सगळा तसाच होता."

"तुझा फोन आला तेव्हा त्याने एक बूट चढवला होता," आई म्हणाली. "दहाला पाच कमी होते. तू फोन केला असतास, नसतास, उभा गाव फोन करत राहिला असता, तरी तो दहाला तिथे गेलाच असता. रोज जायचा. बर्फ काढायला नाही, राजा. या कामाला."

तिने खिशातून पाइप काढला आणि होडीतल्या फळीवर, आत्याच्या शेजारी ठेवला. डबी त्याच्या बाजूला.

बर्फाचा पापुद्रा फळ्यांना घासून कुरकुरत राहिला.

आत्याने पाइप उचलला. उलटा केला, वास घेतला. "मला शब्द दिला होता त्याने," ती म्हणाली. "रेइनोच्या समोर."

"दिला होता."

"आणि किती दिवस पाळला?"

"तीन आठवडे."

"तेरा वर्षं मी त्याचं उदाहरण देत फिरतेय! चर्चच्या बायकांना! डॉक्टरला!" ती होडीतून उतरायला निघाली. यार्क्कोने हात पुढे केला, तो तिने झटकला. "आणि तू, आउने. तू माझ्या घरी येऊन माझ्या टेबलाशी बसायचीस."

"बसायचे," आई म्हणाली. "मला वाटलं, तुला राग आलेला त्याला सोसणार नाही. आता तो नाही. मला सोसेल. घे, माझ्यावर काढ राग."

आत्या काढू शकली नाही. ती काठावरच्या सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या पायऱ्यांपर्यंत चालत गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. रुमालाखालची तिची मान फार बारीक दिसत होती. तिचा तो शेवटचा भाऊ होता.

यार्क्को पट्टा सोडत होता. गाठ साधी होती, पण त्याला पुष्कळ वेळ लागला, आणि मेरया त्याच्या शेजारी उभी राहून नुसता पट्ट्याचा मोकळा भाग धरून होती. मी तळ्याकडे बघत राहिले. भाऊ रडताना त्याच्याकडे बघू नये, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"मला आधी सांगायचंस, आई," तो शेवटी म्हणाला.

"तूही."

"हो."

"बसायचे ते... होडीच्या खाली?" मेरयाने विचारलं. ती लग्न होऊन या घरात आली ते तेच वर्ष. हातभर फटीची ती पहिल्यापासूनची मजूर. "म्हणजे ती हवा..."

ती थांबली. आईने मान हलवली.

"खुंट मी तासलेत," मेरया म्हणाली. "दर वर्षी. मोजून. एकदा चार बोटं कमी पडले तर त्यांनी मला परत करायला लावले!"

सॉनाच्या पायऱ्यांकडून एक आवाज आला. आधी मला तो हुंदका वाटला.

"ते पलीकडचे दोघे," आत्या वळून म्हणाली. तिचे डोळे पुसायचे राहिले होते. "ते दोघे गाढव! तेरा वर्षं होड्या तिरक्या ठेवतायत! त्यातला एकही पाइप ओढत नाही!"

आई सगळ्यांत आधी हसली. नऊ महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं.

*

होडी वाळूवर ओढून घेतली. पाणी काढलं. आम्ही आपापल्या जागी गेलो: आई एका अंगाला, मी दुसऱ्या, यार्क्को सवयीने मागच्या टोकाला. पुढचं टोक मोकळं राहिलं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणीच हललं नाही.

"काय रे, होडी काय बोटाने उलटणार?" आत्या म्हणाली. "यार्क्को, पुढे हो. मेरया, तू मागे. तुझे खुंट, तुझी होडी."

यार्क्को पुढे गेला. त्याने हातमोजे काढले, बाबाही काढायचे. फळीवर हात कुठे धरायचा ते त्याला शोधावं लागलं नाही. तिथलं डांबर बाबांच्या पकडीने गुळगुळीत झालेलं होतं.

'आता' म्हणायचं काम नेहमी बाबांचं. या वेळी आत्याने म्हटलं, गाई हाकल्यासारखं, आणि होडी आमच्या हातांवर चढली, क्षणभर कडेवर उभी राहिली आणि वळली. माझ्या बाहीत गार पाणी गेलं. तळ्याकडची कड ओंडक्यावर बसली. हा ओंडका शेवटी शेडमागे गेल्या वर्षीचाच सापडला.

"किती उंच?" यार्क्कोने खुंट हातात घेऊन विचारलं.

आत्याने कोपरापासून बोटांपर्यंत आपला हात मोजला. मग जरा थांबून त्यात आणखी चार बोटं घातली.

"हातभर," ती म्हणाली. "हवेसाठी."

खाली जमिनीवर फांद्या पसरल्या. उरलेल्या कबरीसाठी ट्रेलरमध्ये घातल्या. तो रिकामा गेला नाही. अडीच वाजले होते, आणि तळ्यापलीकडे उजेड आताच पातळ व्हायला लागला होता. घराकडून जळक्या पोळ्यांचा वास येत होता. तिकडे बघायचं मी विसरले होते, आणि आई मला काही बोलली नाही.

यार्क्को शेडमध्ये गेला आणि स्टूल घेऊन आला. कुणाला न विचारता वाकला आणि होडीखाली शिरला. आम्हाला त्याचे फक्त बूट दिसत होते.

आत स्टूल टेकल्याचं ऐकू आलं.

"इथे वारा अजिबात लागत नाही," मग त्याचा आवाज आला. घरं उबदार करून देणारा माणूस, त्याला खरंच नवल वाटलं होतं.

"मग?" आत्या म्हणाली. "माझा भाऊ खोटारडा होता. मूर्ख नव्हता." तिने पाइप आणि डबी फटीतून आत सरकवली. "ओढू नकोस. नुसती ठेव तिथे."

आम्ही घराकडे निघालो. अर्ध्या उतारावर मेरया थांबली, नवऱ्याला हाक मारायला वळली. आईने तिच्या दंडाला हात लावला.

"राहू दे त्याला," ती म्हणाली. "अर्धा तास लागतो."